बोटवाल्यांनी गाळलेलं बंदर

आमच्या चाळीचे मालक जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण चांगलंच तेवढं सांगायचं म्हटलं तर माणूस अर्धाच उरतो, आणि अर्धा माणूस काय सांगायचा? म्हणून मी सगळं सांगणार आहे. सांगताना राग येईल. येऊ दे.

सगळी त्यांना बोटवाले म्हणायची. साजगावच्या वाटेवर त्यांची पाच खोल्यांची बैठी चाळ होती. आमचे हे तिथल्या कारखान्यात लागले होते, म्हणून लग्न होऊन मी त्या चाळीत आले. पुढं भाताची खाचरं, मागं डोंगर. समुद्राचा वारासुद्धा तिथवर पोचत नाही. आणि अशा जागी हा गृहस्थ दरवाजावर निळ्या रंगाचा नांगर काढून बसलेला. नांगर म्हणजे बोटीचा हो! तिथले शेतकरी विचारायचे, "मालक, ह्या नांगराला बैल कुटं जुपायचं?" तर ते चिडायचे. डोक्यावर कडक काळी टोपी, पायात बूट. मी सारवलेल्या ओल्या अंगणातून बूट घालून जायचे आणि वर मलाच म्हणायचे, "बाई, इथं घसरायला होतं."

मुंबईत एका बोटीच्या कंपनीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्या वेळी कोकणात जायचं तर बोटीनं. बोटी लहान होत्या, मधल्या होत्या, मोठ्या होत्या, आणि बंदरंही तशीच. कुठली बोट कुठल्या बंदराला पाठवायची हे ठरवणं हे त्यांचं काम. बायको कधीच गेलेली, मुलगी पुण्याला. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले की ज्याला सापडेल त्याला हेच सांगायचे. एकदा मी परातीत पाणी घेऊन तांदूळ धूत होते, तर तांदूळ बाजूला काढायला लावून त्यांनी परात ओढून घेतली. परात तिरकी धरली, पाण्यात एक वाटी सोडली आणि एक पितळी पातेलं.

"बघा. वाटी काठापर्यंत गेली की नाही? पातेलं मधेच टेकलं. बोट वरून केवढी दिसते ते विचारू नये. पाण्याखाली किती आहे ते विचारावं."

"मग पातेल्यातल्या माणसांनी काठावर जायचं कसं?" मी विचारलं.

"शाब्बास. काठावरून पडाव येतो. म्हणजे मोठी होडी. बोट लांब उभी राहते, माणसं पडावात उतरतात, पडाव किनाऱ्याला. पण त्याला वेळ लागतो. एका ठिकाणी खोळंबली की पुढच्या सगळ्या बंदरांवर उशीर. म्हणून माणसं किती चढणार, पाणी किती, वळायला जागा किती, भरती कधीची, हे सगळं मांडून मग बोट नेमायची."

आता खरं सांगायचं तर हे ऐकायला मला आवडायचं. माझे वडील पडावाचे तांडेल होते. म्हणजे तोच पडाव चालवायचे. पण मी बोलले नाही. भाडेकरणीनं मालकाला कशाला शिकवायला जा? आणि त्यांनीही मला कधी विचारलं नाही, की बाई, तुमचं माहेर कुठलं. माणसाचा पत्ता विचारण्याची त्यांना सवयच नव्हती. माणसं किती, तेवढंच विचारायचे.

ती खोड चाळीतही चालायची. पाच खोल्या, एक मोठी, तीन मधल्या, एक अगदी कोंबडीच्या खुराड्याएवढी. दर दिवाळीनंतर बोटवाले सगळ्यांची माणसं मोजायचे आणि खोल्या नव्यानं नेमायचे. कुणाकडे पोर झालं, चढवा मोठ्या खोलीत. कुणाची मुलगी लग्न होऊन गेली, उतरवा लहान खोलीत. तुमची चूल तिथं घातलेली आहे, देव तिथं मांडलेले आहेत, याचं त्यांना काही नाही. बायजाबाई म्हणून एक विधवा बाई आमच्या शेजारी राहायची. नवरा गेला त्याच वर्षी बोटवाले तिच्या दारात जाऊन उभे. म्हणे, आता तुम्ही एकट्या, तुम्हाला खुराड्याची खोली पुरे.

बायजाबाई ट्रंकेवर बसली ती उठेचना. "मी काय वळकटी हाय, हितनं उचलून तितं टाकाया?"

"अहो, एका माणसाला एवढी जागा म्हणजे रिकामी बोट हाकण्यासारखं आहे."

"मंग हाकू नका ना! कोन म्हनतंय हाका? ह्याच भिंतीला टेकून त्यो गेला माजा. ही भिंत न्या खुराड्यात, मंग मी येते."

बोटवाल्यांना खरंच कळत नव्हतं की भिंतीचा काय संबंध. हेच मला त्यांचं कधी सोसलं नाही. दुष्ट असते तर बरं झालं असतं, दुष्टाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं. बायजाबाई काही हलली नाही, तो भाग वेगळा. पुढं कितीतरी दिवस ते तिच्या दारावरून जाताना मान हलवायचे, तिनं काहीतरी वाया घालवल्यासारखी.

कुणाचा पेंढ्याचा गाडा बोळात शिरला तर बोटवाले आडवे उभे. "ही गाडी या बोळाची नाही!"

"मंग पेंडा काय डोस्क्यावर आनू?" गाडीवाला ओरडायचा. "चला, व्हा बाजूला, बैल काय तुमची शाळा शिकल्याली नाय."

गाडी निघून जायची, अगदी भिंतीला न घासता. आणि बोटवाले बोळाकडे बघत राहायचे, बोळानंच त्यांना फसवल्यासारखे.

हसू येतं आता. तेव्हाही यायचं. माझं हसू कुठं थांबलं ते सांगते.

माझं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडे नेमच. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, त्या सुरू झाल्या तसे हे मला घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेले. सातवा सरलेला. आईसाठी इकडचे पोहे घेतलेले, मोठं गाठोडं. तिकिटाच्या खिडकीशी गर्दी ही. आमचा नंबर आला, ह्यांनी बंदराचं नाव सांगितलं, तर आतला माणूस वरही न बघता म्हणाला, "त्या बंदराला बोट थांबत नाही आता. यंदापासून नवी मोठी बोट आहे. पुढच्या मोठ्या बंदरावर उतरा आणि मागं या."

मागं कसं या? मधे दोन खाड्या, रस्ता नाही, आणि मी ही अशी. ह्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "पुढचा."

आम्ही परत आलो. बाळंतपण चाळीतच झालं, बायजाबाईनं आणि डोंगराकडच्या वाडीतल्या एका ठाकरणीनं केलं. दोघींनी मला आईची कमी भासू दिली नाही असं लिहायला पाहिजे, पण ते खोटं होईल. भासली. तिकडं आई रोज किनाऱ्यावर जाऊन बसत होती, कारण बोट बंद झाल्याचं तिथं कुणी धड सांगितलंच नव्हतं. माझा मुलगा चालायला लागला तेव्हा त्याला त्याच्या आजीनं पहिल्यांदा बघितलं.

आणि बोटवाले? धक्क्यावरून परत आलो त्या दिवशी ते अंगणातच होते. "का हो, बोट चुकली?"

"चुकली नाही," मी म्हटलं. "आमच्या बंदराला थांबतच नाही."

"लहान असेल बंदर," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून उन्हात नेली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेले, की मूल झाल्यावर तुम्हाला मधली खोली.

यानंतर चार-पाच वर्षांनी माझा भाऊ आला. खाडी ओलांडत, बस बदलत, थकून. आमच्या बंदरावरची माणसं कंपनीकडे जाऊन आली होती, आठवड्यातून एकदा तरी बोट थांबवा म्हणून. कंपनी म्हणाली, तुमच्याकडे पाणी नाही. कुणी जाणकार सांगत असेल थांबता येतं, तर बघू. आता जाणकार कुठून आणायचा?

मी म्हटलं, अरे, जाणकार तर आमच्या अंगणात बसलाय! मला काय आनंद झाला. मीच भावाला हाताला धरून नेलं. बोटवाल्यांना सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर माझ्या माहेरचं नाव घेतलं.

त्यांचा चेहरा उजळला. "ते होय! ते मीच गाळलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लहान बोट जुनी झाली होती," ते मजेत सांगू लागले. "नवी लहान घ्यायची का एक मोठी घ्यायची? मोठीला चार बंदरं पुरतात. मग मी यादीच केली. ज्यांच्याकडे पाणी कमी ती गाळली. माझं शेवटचं काम ते, बोट आली मी निवृत्त झाल्यावर. साहेब म्हणाले होते, इतकी स्वच्छ मांडणी आजवर कुणी केली नाही."

"आणि लहान बोटीनं जाणाऱ्या माणसांचं काय केलंत?" मी विचारलं.

"ती मोठ्या बंदरावर येतील."

"कशी येतील?"

"रस्त्यानं."

"रस्ता कुठाय?"

"तो माझ्या खात्याचा प्रश्न नव्हता बाई."

माझ्या हातात केरसुणी होती. ती मी मारली नाही, एवढंच. पण अशी बोलले, की सगळी चाळ बाहेर आली. "गाळली म्हणता? चहाचा चोथा गाळतात मालक! माणसं गाळत नाहीत! मी पोट घेऊन धक्क्यावरून परत आले तेव्हा तुम्ही इथंच बसला होता, ह्याच खुर्चीत! तुम्ही आमचं बंदर पाहिलंत तरी कधी?"

"नकाशा पाहिला."

"बोटीनं गेलात कधी त्या बाजूला?"

बायजाबाई दारातून म्हणाली, "अगं, त्यो कुटं जातोय. पाळन्यात बसला तरी वकतो म्हातारा. माज्यापुढं खोपोलीच्या जत्रंत वकलाय."

आणि ते खरं निघालं. जन्मभर बोटी नेमणारा हा माणूस एकाही बोटीत कधी बसला नव्हता. समुद्र त्यांना सोसत नसे. म्हणूनच तर निवृत्त होऊन डोंगराखाली येऊन राहिले होते. सगळी चाळ हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "उद्या निघायचं. रस्त्यानं येतील म्हणालात ना, मग रस्त्यानंच या. पाणी आहे का नाही ते डोळ्यांनी बघा आणि मग नाही म्हणा."

ते आले. का आले ते मला अजून नीट सांगता यायचं नाही. लाजेनं म्हणाल तर लाज त्यांच्या तोंडावर दिसत नव्हती. मला वाटतं, आपली मांडणी बरोबर होती हे मला दाखवायला आले.

पेणपर्यंत बस, मग दुसरी, मग खाडी तरीतून, म्हणजे ये-जा करणाऱ्या होडीतून, मग पुन्हा बस, मग चालणं. मुलगा माझ्या बोटाला धरून, गाठोडं भावाच्या डोक्यावर, आणि मागून बूट घालून बोटवाले. तरीत त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. एका ठिकाणी वाळूत बसले आणि म्हणाले, "बाई, अजून किती?" मी म्हटलं, "हा तुमच्या खात्याचा प्रश्न नाही." वाईट वाटलं नाही मला. आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी भावानं त्यांना होडीत घातलं. काय अवस्था झाली असेल ती झाली, पण दोरीला वजन बांधून पाणी मोजायचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, दुसऱ्याला करू दिलं नाही. हे मी त्यांच्या बाजूचं सांगते. खाडीच्या तोंडात मोजलं, बाहेर समुद्राकडच्या टेकाडापलीकडे मोजलं, पुन्हा मोजलं. परत आले ते हिरवेपिवळे होऊन. ओसरीवर बसले. आईनं कोकमाचं पाणी दिलं.

"नकाशावर आकडा होता तो खाडीच्या तोंडातला," ते म्हणाले. "तिथं पाणी नाही, बरोबर आहे. पण बोट खाडीत शिरायचीच कशाला? टेकाडाच्या पलीकडे भरपूर पाणी आहे. मोठीसुद्धा आरामात उभी राहील."

"तितंच थांबायची की पयल्यापासनं," आई म्हणाली. "खाडीत कंदी आली नाय. खाडीत कशाला येल?"

एका आकड्यानं आमचं बंदर गेलं होतं. तो आकडा खोटाही नव्हता, भलत्याच जागेचा होता, आणि तो बघायला इथवर कुणी आलं नव्हतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून बसणार नाही. बोटवाले घरी परतल्यावर मुंबईला गेले. एकदा नाही, तीन-चार वेळा. त्यांच्या जुन्या कचेरीत त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. नव्या साहेबानं सांगितलं, पाणी असेल हो, पण आता ही बोट गोव्याला जाणाऱ्या हौशी लोकांची. मधे थांबलेलं त्यांना आवडत नाही. शिवाय तुमच्या त्या बंदरावर चढणार किती? बोटवाले म्हणाले, बोट थांबत नाही तर चढतील कसे? तर साहेब म्हणाला, बघा, म्हणजे कुणी चढत नाही. हे सगळं त्यांनी मला चाळीत येऊन सांगितलं तेव्हा रागानं त्यांची टोपी हलत होती. "असं कुठं असतं का?" मलाच विचारत होते. मला! काही वर्षांनी त्या बोटीही बंद झाल्या, मोठ्या बंदरांनाही. तेव्हा वर्तमानपत्रात हळहळ छापून आली. आमच्या बंदराची हळहळ कुणी छापली नव्हती.

पण माझ्या डोळ्यासमोर बोटवाले येतात ते त्या बाकावरचे नाहीत.

पाणी मोजलं त्याच दिवशी दुपारची गोष्ट. जेवणं झाली, आणि आईनं कोपऱ्यातून बांबू काढला, त्याला बाबांचं धोतर बांधलं आणि टेकाडाकडे निघाली. पूर्वी पद्धत अशी होती, की आमच्याकडे बोटीत चढणारं कुणी असेल तर बाबा टेकाडावर पांढरा बावटा उभा करायचे. बावटा दिसला की बोट थांबायची. नसेल तर सरळ पुढं. बाबा गेले, पडाव विकला, बोट बंद झाली. आणि आई अजून बावटा घेऊन जाते हे मलाही ठाऊक नव्हतं. भाऊ म्हणाला, "बोटीच्या दर वाराला जाते. किती सांगितलं."

आम्ही मागं गेलो. बोटवालेही आले.

"बाई, कोण जाणार आहे आज?" त्यांनी आईला विचारलं.

"कोन नाय."

"मग बावटा कशाला? ती थांबायची नाही."

"म्हायती हाय मला, थांबायची नाय." आई बांबू खडकात रोवायला बघत होती, वाऱ्यानं तो आडवा होत होता. "पन हितं मानसं ऱ्हातात, ह्ये तिला दिसाया नको? तिला वाटंल, हितं नुसता डोंगुर हाय."

बोट आली. टेकाडाच्या इतक्या जवळून, जिथं त्यांनी सकाळी पाणी मोजलं होतं तिथूनच. पांढरी, उंच, घरावर घर ठेवल्यासारखी. आईच्या हातून बांबू निसटायला लागला तसा बोटवाल्यांनी तो धरला. दोन्ही हातांनी वर केला. टोपी उडाली, तिकडं बघितलंही नाही. आणि त्यांनी ओरडायला सुरुवात केली, "थांबवा! अहो, पाणी आहे! इथं पाणी आहे!"

बोटीचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही. वरच्या मजल्यावर माणसं कठड्याला टेकून उभी होती. त्यांना वाटलं, गावातला कुणी म्हातारा गंमत म्हणून हात करतोय. त्यांनी रुमाल हलवले. एका बाईनं आपलं लेकरू उचलून आमच्याकडे बघून त्याचा हात हलवला.

बोटवाले ओरडायचे थांबले. बोट पुढं गेली होती, पाठ दिसत होती. बांबू खाली येऊ लागला.

"हात भरून आले बाई," ते म्हणाले. "खाली घेतो."

"घेऊ नका," मी म्हटलं. "वर धरा. अजून दिसतेय ती."